पुंजाराम भोंगेवाला आणि अर्धी ओळ

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. धामणगावात जिनिंगच्या आवारात एका व्यापाऱ्याच्या पोरीचं लग्न होतं आणि मी मांडवामागे कांदे चिरत बसले होते. मधे कापडाची कनात. कनातीपलीकडे दोघं भांडत होती, आणि मी काही कानात बोटं घालून बसणारी बाई नव्हे.

"माही ओळ पुरी तं होऊ द्याची होती!" बाईचा आवाज.

"मालकानं हात केला, बाई. वरात आली, आता सिनेमाचं गाणं लाव म्हणे."

"मालक तुह्या बोटावर बसला होता काय? बटन कोणाच्या हातात होतं?"

"माह्या."

"मंग?"

"मी भाड्याचा माणूस आहो, बाई."

"तं भाड्यानंच राय. आजपासून तुह्या माईकवर मैना गाणार नाही. अन् तुह्याशी बोलणारही नाही."

बाई तरातरा निघून गेली. मी कनात जराशी सरकवून पाहिलं. तिशीतला एक माणूस हातात माईक घेऊन उभा होता. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं माईक पुसत होता. पुसून झाला तरी पुसतच होता.

तो पुंजाराम. पुढे त्यानं माझ्या घराला लागूनच दुकान टाकलं, रेल्वे फाटकाकडे जाताना डाव्या हाताला. 'पुंजाराम साऊंड' अशी पाटी. आत चार भोंगे, दोन मशिनी, वायरींची वेटोळी आणि एक लोखंडी कपाट. बायको लवकर गेली, लेकरू नव्हतं. मला वहिनी म्हणायचा.

आणि ती बाई म्हणजे पिंपळखुट्याची मैनाबाई. खंजेरी वाजवून भजन म्हणायची. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत तिचं नाव. पुंजाराम तिचा भक्त म्हणा, वेडा म्हणा. भांडणाआधी सहा वर्षं तिचा माईक त्यानंच लावला होता. भांडणानंतर माईक दुसऱ्याचा असायचा, पण पुंजाराम सायकल मारत जायचा आणि मांडवाच्या अगदी शेवटी, बैलगाड्या सोडलेल्या असत तिथं उभा राहायचा. हातात लहानसा टेप. ती बोलली नाही, हा पुढे गेला नाही. अशी बावीस वर्षं. कपाटात त्रेचाळीस कॅसेटी जमल्या.

एकदा मी म्हटलं, "काहून गा, एकदा जाऊन माफी मागून टाक ना."

"कोण्या तोंडानं मागू, वहिनी? ते भजन त्या बाईनं पुन्हा म्हटलंच नाही. कोणी फर्माईश केली तं म्हणते, ते मोडलं."

भजनाची ती ओळ अशी होती : 'उडालं पाखरू, अजून हालते फांदी.' पुंजारामानं बटन खाली केलं ते 'उडालं पाखरू'वर. फांदी राहून गेली. माईक बंद झाला म्हणून त्याच्या कॅसेटवरही ओळ तिथंच तुटलेली.

आता दोन हजार नऊ सालाकडे या. ती वर्षं कशी होती ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. पेपर आला की आधी कोणत्या गावच्या शेतकऱ्यानं जीव दिला, ते पाहायचं. दारात अनोळखी जीप थांबली की हातातलं काम टाकून बाहेर धावायचं. मरणाची बातमी आली तर 'खरं का?' असं विचारायची सवयच सुटली होती. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

लग्नात डीजे आले आणि पुंजारामाच्या भोंग्यांत चिमण्यांनी घरटी केली. शेजारी अमरीनचं दुकान होतं. झेरॉक्स, रिचार्ज आणि मोबाईलच्या कार्डात गाणी भरून देणं. चुणचुणीत पोरगी, बाप गेल्यावर तिनंच दुकान सांभाळलं. तिच्याकडे लोक सिनेमाच्या हिरोचे तुकडे जोडून, खाली गाणं लावून केलेले व्हिडिओ मागायला यायचे. ज्याचा जो आवडता, त्याचा व्हिडिओ. पुंजाराम ते पाहत बसायचा. एक दिवस म्हणाला, "अमरीन बेटा, मैनाबाईचा असा होईन काय?"

"होईल ना चाचा. माझा जुना कंप्युटर पडला आहे, घेऊन जा. पण शिकवायला मला टाइम नाही. आपणच शिका."

चोपन्न वर्षांचा माणूस, त्यानं जाडं भिंग लावून शिकायला घेतलं. मी त्याची पहिली पाहुणी. शिळ्या पोळीचा कुस्करा घेऊन जायची आणि पाहायची.

पहिला व्हिडिओ पाहिला आणि मला गरगरलं. पानं उलटत होती, तारे पडत होते, बदाम फुटत होते, मैनाबाईचा पेपरातला फोटो गोल फिरून उलटा झाला.

"काय गा हे? पोळ्याचा बैलही इतका सजत नाही."

"कंप्युटरमंधी होतं ना वहिनी, म्हणून वापरलं."

"माह्या घरात दोन डबे मीठ आहे. मी सारं भाजीत घालते काय?"

तो हसला आणि त्यानं सारं पुसून टाकलं. दुसऱ्या खेपेला गाण्यात विहीर आली की विहीर दिसायची, गाय आली की गाय. मी म्हटलं, "बहिरी नाही मी अजून." मग त्यानं विहिरीच्या जागी नुसता ओला दोर दाखवला. त्या दिवशी मी कुस्करा खायचीच विसरले.

पण तो खरा अडला तो तुकडे कुठं जोडायचे इथं. खंजेरीच्या थापेवर नेमका कापला की उचकी लागल्यासारखं दिसायचं. आठ दिवस डोकं धरून बसला. मग एकदम म्हणाला, "वहिनी, मी गाढव आहो. तीस वर्षं भोंगे बांधले. लांबच्या भोंग्याचा आवाज उशिरा येते, हे मले माहीत नाही काय? डोळा जवळचा भोंगा, कान लांबचा. चित्र थापेच्या जरासं आधी पाहिजे." तसं केलं आणि चित्र गाण्यासोबत चालायला लागलं, जसे दोन बैल एका जुवात.

आणखी एक. कॅसेटीतली खरखर काढता काढता त्यानं मैनाबाईचा श्वासही काढून टाकला. दोन ओळींच्या मधे ती दम घ्यायची ना, तो. गाणं स्वच्छ झालं आणि मेलं. मी म्हटलं, "बाई पाण्यात बुडून गाऊन राहिली काय?" त्यानं एकेक श्वास परत आणून बसवला. तीन दिवस लागले.

मग एक दिवस अमरीन धावत आली. तिच्या एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये मैनाबाईच्या सत्काराचं चित्रण होतं. त्या सत्काराला पुंजाराम बैलगाड्यांजवळ उभा होताच. अडीच मिनिटांचं चित्रण, त्यात दोन मिनिटं लोकांच्या पाठी. फक्त एक क्षण मैनाबाईचं तोंड नीट दिसत होतं. समोर समई पेटलेली, सरपंच हार घालून बाजूला झालेला, बाई समोर पाहते आहे. एवढंच. पुढच्या क्षणाला कोणाचं तरी डोकं आडवं येतं.

पुंजारामानं खुर्ची कंप्युटरजवळ ओढली. "हेच पाहिजे होतं," म्हणाला. त्यानं तो एक क्षण थांबवला आणि चार मिनिटांच्या भजनाभर ताणला. मांडवाच्या रंगीत कापडानं तोंड हिरवं दिसत होतं, म्हणून अमरीन म्हणाली, "काळंपांढरं करून टाका, चाचा." तसं केलं. भजन कोणतं लावलं? तेच, मोडलेलं. "दुसरं लाव ना," मी म्हटलं.

"नाही वहिनी. कधीतरी कोण्या मोबाईलवर ते बाईच्या कानावर जाईन. त्याइले कळंन का पुंजारामनं ते फेकलं नाही. मले तेवढंच पाहिजे. एकदा माह्याशी बोलली पाहिजे बाई. मंग शिव्या देऊ दे."

वर लिहिलं, 'मैनाबाई यांच्या चरणी अर्पण. पुंजाराम साऊंड, धामणगाव रेल्वे.' मी तो व्हिडिओ पाहिला. शेवटी 'उडालं पाखरू' झालं, आवाज तुटला आणि तोंड तसंच राहिलं. माझ्या डोळ्याला पाणी आलं. मी म्हटलं, "ब्येस झालं गा." मला वाटलं पाणी गाण्यानं आलं.

अमरीननं तो बाजाराच्या दिवशी प्रत्येकाच्या कार्डात भरून दिला. एका मोबाईलमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. एसटीत, पानठेल्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत. पुंजाराम खुश. वीस दिवस खुश होता.

एकविसाव्या दिवशी सकाळी अकराच्या एसटीनं मैनाबाई आली.

मी दुकानात बसले होते. दारात नऊवारीतली साठीची बाई उभी राहिली. पुंजाराम उठला, त्याच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर पडला. बावीस वर्षांनी तिचा पहिला शब्द काय असेल, याचा त्यानं किती विचार केला असेल देव जाणे. पहिला शब्द असा होता :

"मेल्या!"

"बाई..."

"मेल्या, मीच मेली ना! माही तेरवी केली न् तू!"

आम्हाला काही कळेना. बाई धापा टाकत होती. मी तिला पाणी दिलं. ती एका घोटात प्यायली आणि सांगू लागली.

चार दिवसांपूर्वी सकाळी ती ओट्यावर तूर निसत बसली होती. जीप येऊन थांबली. आतून अकोल्याकडची तिची मावसबहीण, दोन सुना आणि हातात फडक्यात बांधलेलं पिठलं-भाकर. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून नातलग कडू घास घेऊन येतात, तो. बायका जीपमधूनच हेल काढून रडत उतरल्या. मैनाबाईला वाटलं, जवळचं कोणी गेलं. तीही पदर तोंडाला लावून रडायला लागली. रडत रडतच विचारलं, "कोन गेलं वो माय?"

मावसबहिणीनं मान वर केली, हिच्याकडे पाहिलं आणि तुरीच्या ढिगात आडवी झाली. तोंडावर पाणी मारल्यावर डोळे उघडले आणि म्हणाली, "तूच!"

त्या दिवशी सात जणं आली. दुसऱ्या दिवशी अकरा. एक म्हातारा भजनी तर तिला उंबऱ्यात पाहून उलट्या पावली बोरीच्या झाडापर्यंत पळाला. धारणीकडून निरोप आला, तिथल्या मंडळानं दिवसभर भजन करून तिची तेरवीही घातली होती. "अन् माह्या घरी चार दिवसांत पिठल्याचे नऊ डबे!" मैनाबाई म्हणाली. "मी माह्याच मरणाचं पिठलं खाल्लं. काय करू, अन्न टाकता येते काय?"

अमरीन दारात आली होती, तिनं तोंडावर ओढणी दाबली.

"पण बाई," पुंजाराम कसाबसा म्हणाला, "मी कुठं म्हटलं तुमी गेल्या म्हणून?"

"दाखव ते."

त्यानं व्हिडिओ लावला. आम्ही चौघांनी पाहिला, आणि मला प्रथमच दिसलं. जित्या माणसाच्या गळ्यात हार पडला की त्याचा हात आपोआप वर जातो. घालणाऱ्याचा हात निघाला नाही तोच हार काढून बाजूला ठेवायचा, ही आपली रीत. हार तसाच गळ्यात ठेवून बसतो तो देव, नवरदेव, नाही तर भिंतीवरचा फोटो. मैनाबाई काही नवरदेव नव्हती. समोर दिवा, रंग गेलेले, गळ्यात हार, आणि हात चार मिनिटं खालीच. वर पाखरू उडालेलं. मला त्या दिवशी डोळ्याला पाणी काय गाण्यानं आलं होतं? मी श्रद्धांजली पाहिली होती आणि म्हटलं होतं, ब्येस झालं गा.

"मी तिथं उभा होतो," पुंजाराम म्हणाला. "मी पाह्यलं होतं बाई, तुमी हार काढला. माह्या डोळ्यासमोर तुमचा हात वर जातच होता. मले वाटलं, साऱ्याइले दिसून राहिला."

"दिसण्याच्या आधी कापलं न् तू!" मैनाबाई म्हणाली. "दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा मले अर्ध्यात कापलं."

भोंग्यातली चिमणी चिवचिवत होती. पुंजाराम खाली बसला. मला वाटलं, आता ही बाई उठून जाईल आणि हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही.

पण तिचं लक्ष पडद्याकडे होतं. "हा माहा आवाज तुह्यापाशी कुठून आला?"

मीच उठून कपाट उघडलं. त्रेचाळीस कॅसेटी. प्रत्येकीवर गाव आणि तिथी. तिनं एकेक हातात घेऊन वाचायला पाहिलं. वाचता येत नव्हतं तिला, तरी पाहत राहिली. एक उचलून म्हणाली, "हे कोणतं?"

"तळेगाव. पाऊस आला होता. तुमी तसंच गात राह्यल्या."

"तू कुठं होता?"

"बैलगाड्याइपाशी."

"ओला?"

"टेप दुपट्ट्यात गुंडाळला होता."

तिनं कॅसेट जागेवर ठेवली. पदरानं नाक पुसलं. मग तिचा आवाज एकदम पहिल्यासारखा चढला. "बसून काय राह्यला? उठ. माईक लाव. अन् पोरी, तू जाऊन एक हार आण. शेवंतीचा आण, झेंडूचा नोको, मले शिंका येतात."

अमरीननं स्टँडवरून हार आणला. मैनाबाई खुर्चीवर बसली. अमरीननं मोबाईल धरला. मी हार घातला. मैनाबाईनं मोबाईलकडे पाहिलं, हात वर नेला, हार काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मी पिंपळखुट्याची मैना. मी आहो. आता वांग्याची भाजी खाऊन निघीन." मग तिनं पिशवीतून खंजेरी काढली. पुंजारामानं माईक दुपट्ट्यानं पुसला, तिच्या तोंडासमोर धरला. बाईनं अख्खं भजन पहिल्यापासून म्हटलं. 'उडालं पाखरू' आलं तेव्हा मी त्याच्या बोटाकडे पाहत होते. बटनापासून वीतभर लांब होतं. 'अजून हालते फांदी' झालं, खंजेरी थांबली, तिनं श्वास सोडला, तो श्वासही संपला, तेव्हा कुठं त्यानं बटन खाली केलं.

वांग्याची भाजी माझ्याच घरी झाली, हे सांगायला नको.

पण पहिला व्हिडिओ परत कसा बोलावणार? तो काही गाय नव्हे, संध्याकाळी घरी यायला. तो आपल्या पायानं गावोगाव गेला होता. दुसरा त्याच्यामागे नेऊन द्यावा लागणार होता. पुंजारामानं वही केली. जिथून जिथून लोक पिंपळखुट्याला रडत आले, जिथून निरोप आले, त्या गावांची नावं. एकतीस गावं. दर मंगळवारी एसटीनं एक गाव. तिथला पानठेला, न्हावी, चहाची टपरी गाठायची. जुना व्हिडिओ स्वतःसमोर पुसायला लावायचा. नवा लावायचा आणि शेवटची ओळ पुरी होईपर्यंत कोणाला उठू द्यायचं नाही. एका गावी एसटी सुटत होती तरी हा उठला नाही, सहा कोस पायी आला. परत आला की वही माझ्यापुढे करायचा. मी दुसरी शिकलेली. नावापुढे खूण करायला तेवढं पुरतं.

त्यानंतर मैनाबाईचा माईक पुन्हा पुंजारामाचा झाला. डीजेच्या जमान्यात एक बाई आणि दोन भोंगे. लोक यायचे, काही तर ती खरंच जिती आहे का ते पाहायला यायचे.

पुंजाराम गेला तो बुधवारी सकाळी, दुकानातल्या खाटेवर, झोपेतच. मी चहा घेऊन गेले आणि कप हातातच राहिला. अजून मला तो कप कुठं ठेवला ते आठवत नाही. अमरीननं मैनाबाईला फोन लावला. मैनाबाई ऐकून घेईना. "काही तरी कुठं कापलं असंन," म्हणाली, "त्याले नीट पाह्यले सांग." तीन गावांहून फोन आले, सारे हेच विचारत होते : या खेपेला व्हिडिओ कोणी केला? मरणावर 'खरं का?' असं विचारताना मी आमच्या मुलखात कित्येक वर्षांनी ऐकलं. मैनाबाई दुपारी आली. त्याच्या फोटोला तिनं हार घातला आणि फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली, वाट पाहिल्यासारखी.

आदल्या दिवशी, मंगळवारी, तो एकतिसाव्या गावी गेला होता. धारणीच्याही पलीकडे, जिथं तेरवी झाली होती. पहाटे निघताना नेहमीसारखं खिडकीतून विचारलं, "वहिनी, येताना काय आणू?" मी म्हटलं, डिंक मिळाला तर आण. रात्री शेवटच्या एसटीनं आला. डिंकाची पुडी खिडकीत ठेवली आणि सांगितलं की तिथं खुशालराव म्हणून टपरीवाला आहे, त्यानं तो काळापांढरा फोटो चौकटीत लावून रोज हार घातला होता. नवा व्हिडिओ पुरा पाहिला, मग खुशालराव स्वतःच स्टुलावर चढला आणि त्यानं फोटोचा हार काढला. "मले चहा पाजला. पैसे घेईना," पुंजाराम म्हणाला.

मग त्यानं पिशवीतून वही काढली. मी एकतिसाव्या नावापुढे खूण केली. त्यानं वही मिटली, पेन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "टोपण नीट लावत जा वहिनी, हरपते."